पहिल्या गिअरमधली मिरवणूक

आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असायची. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो हसायचा आणि विचारायचा, मग रविवारी काय करता? रविवारी कामावर जायचो, दुसरं काय. गुरुवारी मात्र शाळा, कचेऱ्या, बाजार सगळं सुरू असताना आम्ही रिकामे. धडधाकट माणूस भर दुपारी पारावर बसलेला दिसला की गाव त्याच्याकडे ज्या नजरेनं बघतं, ती नजर मला कधीच सोसली नाही. म्हणून आम्ही तिघं दर गुरुवारी शिरूरला नगर रोडच्या कडेला फायबरवाल्याच्या शेडमध्ये जमायचो. तिथं दिवसभर गाड्यांबद्दल बोललं तरी कुणी नावं ठेवत नव्हतं.

फायबरवाला म्हणजे आमच्यातला एक. पाण्याच्या टाक्या, टेम्पोचे टप आणि गणपतीच्या देखाव्यातले राक्षस यांवर त्याचं चालायचं. हात विलक्षण होता त्याचा. राक्षसाची मिशी करावी तर त्यानंच. दुसरा मी. कोरेगाव भीमाच्या बाजूला एका कारखान्यात गिअर तपासायच्या खात्यात होतो. दिवसभर दात मोजायचे आणि शिक्के मारायचे. तिसरा माझा मित्र, त्याच कारखान्याच्या टूलरूममधला, साचे आणि हत्यारं बनवणारा. कवठे येमाईचा, धनगराच्या घरातला. त्याचे वडील तरुणपणी मेंढरांमागं मुलूख हिंडलेले. पुढं थोडी जमीन झाली आणि ते गावात स्थिरावले. त्यांच्या पोराला मात्र मेंढरात रस नव्हता, जमिनीतही नव्हता. त्याला फक्त एकच गोष्ट कळून घ्यायची असायची: इंजिनात तयार झालेली ताकद चाकापर्यंत कोणत्या वाटेनं जाते.

दोन हजार सालच्या आगेमागे एका गुरुवारी तो पुण्यातल्या रद्दीवाल्याकडून एक परदेशी मासिक घेऊन आला. पानं गुळगुळीत, कोपरे दुमडलेले. मधल्या दोन पानांवर इटलीतल्या एका नव्या गाडीचं चित्र होतं. नुसतं बाहेरून नव्हे. पत्रा अर्धा सोलून आतलं सगळं दाखवलेलं. बारा सिलिंडरचं इंजिन सीटच्या मागं, आणि तेही उलट्या तोंडानं.

"गिअरबॉक्स बघ कुठं हाय," तो म्हणाला. "इंजिनाच्या पुढं. दोन सीटच्या मधी."

"मंग मागच्या चाकाला ताकद कशी जायची?" मी विचारलं.

त्यानं करंगळीचं नख चित्रावर टेकवलं आणि वाट दाखवली. इंजिनातून ताकद पुढं गिअरबॉक्सात येते. तिथून एक दांडा पुन्हा मागं वळतो, थेट इंजिनाच्या पोटाखालून, ऑइलच्या चेंबरमधूनच आरपार जातो आणि मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलला मिळतो. दुसरा दांडा पुढच्या चाकांकडं. मी दिवसभर गिअर हाताळणारा माणूस, तरी मला ते पटायला वेळ लागला. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

"वजन मधी राहतं," तो म्हणाला. "आन् गिअरचा दांडा हाताखाली थेट गिअरबॉक्सात. मधी केबल न्हाई, सळई न्हाई, ढिलाई न्हाई."

"पर फोर व्हील कशापायी? ही काय शेतात घालायचीय?"

"चिखलात ट्रॅक्टरचं एक चाक कसं जागेवर फिरतं? ह्येची ताकद इतकी, की डांबरावरबी तसंच व्हईल. दोन चाकांना पेलायची न्हाई, म्हून चारांत वाटली."

फायबरवाल्यानं मासिक ओढून घेतलं, पान उलटलं आणि गाडीचं दार बघत बसला. ते दार बाजूला उघडत नव्हतं, वर उघडत होतं. पुढच्या कोपऱ्यावर फिरून कात्रीच्या पात्यासारखं आभाळाकडं जात होतं.

"ह्ये करता यील," तो म्हणाला.

त्यानंतर कित्येक गुरुवार आम्ही त्या दोन पानांवर काढले. शिक्रापूरच्या पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट घासेल यावर आमचं एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं. फायबरवाला म्हणायचा गाडी म्हणजे रेषा, मित्र म्हणायचा गाडी म्हणजे वाट, आणि मी मधे बसून दोघांना चिडवायचो. त्या गुरुवारांइतका सुखी मी नंतर झालो नाही, हे सरळच सांगतो.

मग आमच्यात दादा आला.

दादाचं घराणं कोरेगावच्या बाजूचं, जमीनदार, सोसायटीपासून पंचायतीपर्यंत सगळीकडं त्यांची माणसं. रस्त्यालगतची जमीन कारखान्यांना गेली आणि घरात एकदम पैसा आला. त्या काळात असे बरेच दादा आमच्या रोडवर तयार झाले होते. पांढरे बूट, पांढरी जीप, मागं चार पोरं. हा त्यातला वाईट नव्हता, तेवढं म्हणतो. तो शेडमध्ये पाण्याची टाकी सांगायला आला होता. टाकीचं बोलणं चालू असताना त्याला खाटेवर उघडं पडलेलं मासिक दिसलं. दार वर गेलेल्या गाडीचं पान.

"आयला. ह्ये काय?"

मित्र सांगायला लागला. बारा सिलिंडर, उलटं इंजिन, पोटातून जाणारा दांडा. दादा मान हलवत होता आणि त्याची नजर दारावरून हलत नव्हती. त्याचं लग्न ठरलं होतं, मुलगी दौंडची. मे महिन्यातला मुहूर्त.

"आपल्या लग्नाला असली गाडी पायजे," तो म्हणाला. "व्हईल का?"

फायबरवाला म्हणाला, जीपच्या चेसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, नुसतं कवच बसवून देतो, महिन्याचं काम. तिथंच सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण मित्र मधेच बोलला.

"दादा, कवच कशाला? खरी बनवू. इंजिन मधी टाकून. तुमी सांगा फक्त."

दादानं त्याच्याकडं नीट बघितलं. बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदाच. मग म्हणाला, "बनव. खरी बनवलीस तर रोडला माझी पाच गुंठं रिकामी हाय, तिथं शेड टाकून देतो तुला. असल्या गाड्या बनवत बस जलमभर." आणि जाताना दारातून वळून त्यानं एकच गोष्ट विचारली. "दार असंच वर उघडंल न्हवं?"

मित्रानं नोकरी सोडली. टूलरूममध्ये कायम व्हायची त्याची पाळी अगदी दाराशी आली होती, आणि त्यानं ती सोडली. मी त्याला खूप बोललो. कारखान्याच्या गेटसमोर, चहाच्या गाड्यावर, चारचौघांत बोललो. म्हटलं, दादाच्या शब्दावर घर चालत नाही. तो शांतपणे म्हणाला, "तू दात मोज. मला गाडी करायचीय." मला राग आला, आणि त्याच्याइतकी हिंमत माझ्यात नाही याचाही आला.

गाडी खरंच खरी होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं लोकांनी तिला खेळणं ठरवलं. ट्रकनं मागून ठोकलेली एक पेट्रोल गाडी भंगारात मिळाली. मागचा भाग चपटा, पुढचं सगळं शाबूत. त्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची चाकं हा एकच जोडलेला संच असतो. मित्रानं तो जसाच्या तसा उचलला आणि सीटच्या मागं ठेवला. म्हणजे पुढची चाकं झाली मागची. ती वळायची सवय असलेली चाकं. ती वळू नयेत म्हणून त्यांचे दांडे त्यानं चेसिसला पक्के जखडले. चेसिस चौकोनी पाइपची, एकेक जोड त्यानं स्वतः वेल्ड केलेला. बारा नाही, चारच सिलिंडर होते. पण वजन मधे होतं, ताकदीची वाट आखूड होती, आणि खाली वाकून बघितलं तर तिथं एकही गोष्ट उगाच नव्हती.

इंजिन गार ठेवणारा रेडिएटर कुठं ठेवायचा यावर तिघांचं वाजलं. पुढं ठेवला तर लांब नळ्या ओढाव्या लागणार. मासिकातल्या गाडीला दारांच्या मागं दोन्ही अंगांना हवा घ्यायला मोठाली तोंडं होती. मित्रानं तेच केलं. दोन छोटे रेडिएटर दोन बाजूंना. पंख्याला जागा उरत नव्हती.

"पंखा लागतोय कशाला?" तो म्हणाला. "गाडी पळाया लागली की हवा आपोआप आत शिरती. मासिकात बाण दाखवल्यात बघ."

बाण होते खरे. निळे बाण, तोंडातून आत शिरणारे. आम्ही तिघांनी ते बघितले आणि माना डोलावल्या.

एका गुरुवारी त्याचे वडील शेडमध्ये आले. डोक्याला तांबडं पागोटं, हातात काठी. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, चाकाला काठी लावून बघितली.

"किती माणसं बसत्यात?"

"दोन, आबा."

"आन् मागं?"

"मागं इंजिन हाय."

म्हाताऱ्यानं वाकून मागच्या बाजूला डोकावून बघितलं. आमच्याकडच्या जीपगाड्यांत टपावरची धरून वीसेक माणसं जातात, आणि बाजाराच्या दिवशी वर एखादं करडूही. "म्हंजी सामान कायबी न्यायचं न्हाई," ते शेवटी म्हणाले. "नुसतं जायचं." मग मान हलवली आणि खाटेवर बसून चहा प्यायले. पोरगा काहीतरी मोठं करतोय एवढं त्यांना समजलं होतं, आणि तेवढ्यावर ते खूष होते.

मार्चमध्ये आम्ही ती न्हावऱ्याच्या रस्त्यावर काढली. रंग बाकी होता, कवच राखाडी, एका बाजूचं दार अजून बसायचं होतं. मी शेजारच्या सीटवर. शिरूर मागं पडलं, रस्ता सरळ झाला, आणि त्यानं तिसऱ्यावरून चौथा टाकला. पाठीमागून आवाज आला तो मी अजून विसरलो नाही. इंजिन पुढं असलं की आवाज तुमच्याकडं येतो. इथं तो पाठीत शिरत होता आणि आपल्याला पुढं ढकलत होता. वळणावर मी दार धरायला हात नेला, तर दारच नव्हतं, आणि तरी मला भीती वाटली नाही इतकी ती रस्त्याला चिकटून होती. उसाच्या ट्रॉल्या, सायकलवाले, बांधावरच्या बाया सगळे थांबून बघत होते. तापमानाचा काटा अर्ध्यावर, जरासुद्धा हलला नाही.

"बाण बघितलंस का?" तो ओरडला. एवढं मोठ्यानं हसताना मी त्याला त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

लग्नाच्या दिवशी पहाटे त्यानं ती स्वतः चालवत दौंडला नेली, भीमेवरचा पूल ओलांडून. फायबरवाल्यानं तिला पिवळाधमक रंग दिला होता, आरशासारखा. वऱ्हाड उतरलं होतं त्या जानवशाच्या घरासमोर ती उभी राहिली तेव्हा मुलीकडच्यांनी पंगत सोडून गर्दी केली. दार वर गेलं की पोरं ओरडायची, खाली आलं की पुन्हा वर करायला लावायची. दिवसभर तेच चाललं. मित्राला कुणीतरी विचारावं की इंजिन कुठं आहे, म्हणून तो मागचं झाकण उघडून जवळच उभा होता. तिकडं कुणी फिरकलं नाही.

गोरज मुहूर्त होता. साडेचारला नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला. आणि तेव्हा, म्हणजे बँडवाल्यांनी पहिली फुंकर मारली तेव्हा, मला आमची चूक दिसली.

आम्ही तिघं लहानपणापासून मिरवणुकांत नाचलेली माणसं. नवरदेवाच्या पुढं बँड असतो, बँडच्या पुढं पोरं असतात, आणि पोरं जागची हलत नाहीत. दहा पावलं पुढं, मग गाणं संपेपर्यंत तिथंच. एवढ्याशा रस्त्याला दोन-दोन तास. हे आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. आणि तरी आम्ही महिनोन्महिने बसून जी गाडी केली, तिला गार राहायला पळावं लागत होतं. ती करायला सांगितली होती एका मिरवणुकीसाठी. इटलीतल्या बाणांनी आमचे डोळे असे बांधले की दौंडचा रस्ता आम्हाला दिसलाच नाही. बाहेरच्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती, कारण त्यानं आधी विचारलं असतं, गाडी कशासाठी हवी आहे. आम्हाला वाटलं, आम्हाला माहीत आहे.

मित्र गाडी चालवत होता, शेजारी दादा, फेटा बांधून, मुंडावळ्या लावून. मे महिन्याचं ऊन डांबरातून वर येत होतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, हातभर पुढं आणि थांब, हातभर पुढं आणि थांब. मी बाजूनं चालत होतो. काचेतून मला काटा दिसत होता. मारुतीच्या देवळापर्यंत तो अर्ध्याच्या वर गेला. परतीला तांबड्याला टेकला. मित्रानं मला बघितलं. त्याचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. हॉर्न वाजवून पोरांना हटवावं तर नवरदेवाची मिरवणूक. इंजिन बंद करावं तर भररस्त्यात नवरदेवाची गाडी बंद पडली असं होणार.

आधी क्लच जळल्याचा वास आला. मग दोन्ही बाजूंच्या तोंडांतून, जिथं निळे बाण आत शिरायचे होते तिथून, पांढरी वाफ बाहेर आली. भसाभस.

आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या.

त्यांना वाटलं, हीसुद्धा करामतच आहे. दार वर जातं, बाजूनं धूर निघतो. बँडवाल्यांनी चाल वाढवली. पोरं वाफेत शिरून नाचायला लागली. दादानं खूष होऊन मित्राच्या पाठीवर थाप मारली. त्याच क्षणी इंजिन जाम झालं. आतून एक जड, कोरडा आवाज आला आणि सगळं थांबलं. बँडच्या गोंधळात तो आवाज फक्त आम्ही दोघांनी ऐकला.

मित्र खाली उतरला, दादाच्या बाजूला गेला आणि हात जोडले. "दादा, इंजिन गेलं. माझं चुकलं. पंखा…"

"अरं मग काय झालं?" दादा म्हणाला. तो अजिबात रागावला नव्हता. "ट्रॅक्टर हाय की."

वऱ्हाडातल्या कुणाचा तरी ट्रॅक्टर होताच. दोर बांधला, मिरवणूक पुन्हा सुरू झाली. उलट आता पोरांना सोयीचं झालं, गाडी आवाज करत नव्हती आणि गाणं नीट ऐकू येत होतं. मांडवाच्या दारात दार वर गेलं, नवरदेव उतरला, अक्षता पडल्या. मित्र मांडवात आलाच नाही. तो कुंपणाला टेकून बसला होता, आणि मी त्याच्या शेजारी बसलो. दादानं त्याला शिव्या दिल्या असत्या, गचांडी धरली असती, तर मला वाटतं तो वाचला असता. शिव्या द्यायला सुद्धा समोरच्याला तुमच्या कामाचं काहीतरी पडलेलं असावं लागतं.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघं दादाच्या घरी गेलो. मित्रानं सगळी तयारी केली होती: दुसरं इंजिन कुठं मिळेल, पंखे कसे बसवता येतील, तोंडं किती रुंद करायची. दादानं आम्हाला बसवलं, चहा पाजला.

"लोकं अजून दाराचंच बोलत्यात," तो म्हणाला. "माझ्या मेव्हण्याचा मंडपाचा धंदा हाय, त्येनं गाडी मागितलीय. लग्नाला भाड्यानं लावणार. इंजिन काढून टाकायचं म्हणतोय आन् तिथं जनरेटर ठिवायचा. लायटी लागत्यात, सौंड लागतो. वडायला ट्रॅक्टर हाय."

"आन् शेड, दादा?"

"शेड टाकतोय ना. मंडपाचं सामान ठिवायला जागा पायजे त्येला. तू बी ये की, जनरेटरचं बघ."

मित्र उठला. मी चहा तसाच ठेवून त्याच्या मागं निघालो. रस्त्यानं मीच बोलत होतो, दादाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो, आणि त्यानं काही उपयोग होत नव्हता.

इंजिन काढून जनरेटर बसवायचं काम फायबरवाल्यानं केलं. आम्हाला ते नंतर कळलं. मी शेडमध्ये जाऊन त्याला नको नको ते बोललो. तो एका राक्षसाला दात बसवत होता, मान वर केली नाही. "मला बी पोट हाय," म्हणाला. "आन् कवच माझं व्हतं. इंजिन तुमचं व्हतं. माझ्या कवचाला काय झालं? कायबी न्हाई." हे खरं होतं, आणि मला ते आजही माफ करावंसं वाटत नाही. त्या गुरुवारनंतर मी त्या शेडची पायरी चढलो नाही.

मित्र वर्षभर घरी बसला. मग त्याच कारखान्यात ठेकेदाराच्या माणसांत लागला, कडा घासायच्या कामावर. टूलरूमच्या दारावरून त्याला रोज जावं लागायचं. आमची सुट्टी अजून गुरुवारचीच होती. तो गावाला निघून जायचा. एकदा मला पुण्यात त्याच मासिकाचा नवा अंक दिसला. आणखी नवी गाडी, आणखी सिलिंडर, आणखी बाण. मी तो घेऊन जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडं गेलो. त्यानं डबा बाजूला ठेवला, हात पुसले, पानं उलटली. मधल्या चित्राशी आला, जरा थांबला. मला वाटलं, आता करंगळीचं नख टेकवेल. त्यानं अंक मिटून मला परत दिला.

"दारं चांगली हायत," तो म्हणाला.

ती गाडी मात्र सगळीकडं दिसायला लागली. लग्नसराईत तळेगाव ढमढेऱ्याला दिसायची, पाबळला दिसायची, एकदा तर माझ्याच चुलतभावाच्या लग्नात आली. पिवळा रंग जाऊन लाल झाला, मग लाल जाऊन सोनेरी. समोर ट्रॅक्टर, पोटात जनरेटर, बाजूच्या तोंडांत रंगीत दिवे. लोकांना ती भारी आवडायची. माझ्यादेखत एकानं सांगितलं की ही गाडी परदेशातून आलेली आहे. मी त्याच्याशी भांडलो आणि लग्नातून न जेवता निघालो.

मित्राचं लग्न उशिरा झालं, त्याच्या गावातच. मी सकाळीच पोहोचलो. दुपारी देवळाच्या मागून ट्रॅक्टरचा आवाज आला, आणि ट्रॅक्टरच्या मागून ती आली. त्याच्या मामांनी ठरवली होती. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, हेच तर वाईट. सगळ्यांनी मिळून भाड्यानं घेतली होती आणि ते त्याच्या तोंडाकडं बघत उभे होते, आता हा किती खूष होतो म्हणून.

"तुझीच गाडी हाय, भाच्या," मामा म्हणाले. "तुझ्याबिगर कुणी बसावं?"

आबा काठी टेकत जवळ आले. आता ते फार वाकले होते. "व्हय, बस," म्हणाले. "आपल्या हातची हाय."

त्यानं बापाकडं बघितलं आणि तो बसला. चालकाच्याच जागेवर बसला. दुसऱ्या सीटवर साउंडची मशिनं ठेवली होती. दार खाली आलं. जनरेटर सुरू झाला तसं अख्खं कवच थरथरायला लागलं. बँड वाजला. मी बाजूनं चालत होतो, दौंडला चाललो होतो तसाच. त्यानं काच खाली करून मला जवळ बोलावलं. मी वाकलो. माझे डोळे भरले होते. वाटलं, आता काहीतरी बोलेल, दादाबद्दल, त्या सगळ्याबद्दल.

"मागं हात लावून बघ," तो माझ्या कानात म्हणाला. "जनरेटरखाली रबर टाकलं न्हाई. थेट चेसिसला बोल्ट मारल्यात. माझ्या वेल्डिंगला चिरा जातील."

मी हात लावला. खरंच होतं ते. मी मान हलवली. त्यानंही हलवली आणि पुढं बघायला लागला.

पोरं दहा पावलं पुढं सरकली. ट्रॅक्टरवाल्यानं गिअर टाकला, दोर ताणला. मी आत बघितलं. पॅडल अजून जागेवर होती, खालची केबल कधीच तोडून टाकलेली. ट्रॅक्टरनं ओढ घेतली, तशी मित्राच्या डाव्या पायानं क्लच हळूहळू सोडला, गाडीला जराही गचका बसू नये अशा बेतानं.